काळी दारं

पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मीरा,

सातवीतली ती डिसेंबरची संध्याकाळ तुला आठवते का? रायपूरच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम लांबली होती. सिस्टर अगाथांना आपला दुसरा स्वर काही केल्या पटत नव्हता. माझे नवे बूट चावत होते म्हणून मी ते हातात घेतले, आणि मी एकटी वेडी दिसू नये म्हणून तूही तुझे काढलेस. पांढरे मोजे धुळीत घासत आपण गल्लीत शिरलो, आणि एकेका ओट्यावरून सुरू झालं. "काहून वं पोट्ट्यांनो, एवढा उशीर?" "बूट कुठी गेले?" "हे कोनाची? दत्तोपंतांची नात का?" घरी पोचेपर्यंत आजोबांना सगळी बातमी आधीच कळली होती. मी रागानं लाल. मी तुला म्हणाले होते, "या गल्लीत माणसाला चालताच येत नाही!"

गेला आठवडाभर ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. कारण सांगते.

आमच्या शेंडेफळाला, गंधालीला, रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली आहे. प्रयोगशाळेत लोखंड तपासायचं. तिच्या शिक्षणाला साजेसं काम आहे, आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला कशासाठी तरी उत्सुक पाहिलं. कारखान्याची बस संध्याकाळी अंधार पडल्यावर तुमच्या गुढियारीच्या चौकात सोडते, असं तिनं शोधून काढलं. चौकापासून तुझं घर जवळ, हेही तिनंच शोधलं. थोडक्यात, तुला न विचारता तिनं तुझं होस्टेल करून टाकलं आहे.

मला हो म्हणायचं आहे, पण जीभ वळत नाही. परवा तिच्या लॅपटॉपवर एक वेबसाइट पाहिली. शहरांना गुन्हेगारीवरून गुण देतात. लोक घरबसल्या प्रश्नांची उत्तरं भरतात आणि त्यावरून म्हणे शहर किती सुरक्षित ते कळतं. रायपूर सोडून मला चाळीस वर्षं होतील. तिथलं आज काय आहे ते मला कुठल्या आकड्यानं कळणार? तू आहेस म्हणून तुला विचारते.

फोन केला असता, पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. यंत्र लावूनही फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी माझ्या मनानं भरते. या बाबतीत मला मनानं भरायचं नाही. म्हणून लिहून सांग. मैत्रीण म्हणून सांगू नकोस, पंच म्हणून सांग.

तुझी,
ऋता

---

रायपूर
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ऋता,

अगं, ही विचारायची गोष्ट आहे का? गंधाली येणार या आनंदात मी तुझं पत्र घेऊन आधी माडीवरची खोली उघडली. यज्ञेश्वरांचं टेबल तिथेच आहे. खिडकीतून जांभूळ दिसतं. पोरीला अभ्यासाला, वाचायला छान.

आता तुझा प्रश्न. शिशिरनं बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर मला ती वेबसाइट उघडून दिली. घरफोडीची भीती वाटते का, दिवसा एकटं चालताना कसं वाटतं, अंधार पडल्यावर एकटं चालताना कसं वाटतं, असे प्रश्न आहेत. मी एकेक करून "अतिशय सुरक्षित" वर बोट ठेवलं. शिशिर म्हणाला, "आई, जरा विचार तर कर." मी म्हटलं, विचार तुझ्या बंगळुरूसाठी ठेव.

यज्ञेश्वर गेले तेव्हापासून, सहा वर्षं मी एकटी राहते, ऋता. दुधाची पिशवी फाटकाला लटकते, ती कुणी नेत नाही. दारावर आलेला भाजीवाला "दीदी, खुल्ले नहीं हैं, कल देना" म्हणून निघून जातो. पेपरात चाकूबाजीच्या बातम्या येतात, नाही असं नाही. मी पान उलटते. तो चाकू आमच्या गल्लीत कधी आला नाही. आपल्या लहानपणी होतं तेच हे गाव आहे. पूल झाले, दुकानं चकाचक झाली, पण माणूस तोच, अघळपघळ. "हव, हो जाही", हो, होऊन जाईल, म्हणणारा.

उलट मीच तुला विचारते. तुझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव तुला ठाऊक आहे का?

गंधालीला पाठव. पंच म्हणून माझे पैकीच्या पैकी गुण. खोलीला नवे पडदे शिवायला टाकले आहेत, फिकट पिवळे. तिला आवडतील ना?

तुझी,
मीरा

---

पुणे
७ डिसेंबर २०२४

प्रिय मीरा,

तुझं पत्र वाचून मन भरून आलं, पण समाधान झालं नाही. तू प्रमाणपत्र दिलंस. मी साक्ष मागितली होती.

दुधाची पिशवी सकाळी येते. भाजीवाला दुपारी येतो. माझी मुलगी अंधार पडल्यावर येणार आहे. म्हणून सरळ विचारते. चौकापासून तुझ्या फाटकापर्यंत, अंधार पडल्यावर, स्वतःच्या पायांनी तू शेवटची कधी चाललीस?

रागावू नकोस. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, ती आज लिहिते. दोन वर्षांपूर्वी गंधाली क्लासहून परत येत होती. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच मोटरसायकलवरच्या दोघांनी तिची ओढणी मागून खेचली. ती पडली, थोडी फरफटली. ते हसत निघून गेले. मोडलं काही नाही, चोरीला काही गेलं नाही, म्हणून आम्ही तक्रारही केली नाही. तिच्या मनात काय बसलंय ते मला खूप उशिरा कळलं. ती म्हणाली, "आई, मी ओरडले तेव्हा सगळ्या खिडक्यांत दिवे होते. एकही उघडली नाही." त्या खिडक्यांत एक माझीही होती, मीरा. मला ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून ती ओढणी घेत नाही, आणि अंधार पडल्यावर पायी चालत नाही. शंभर पावलांसाठीही रिक्षा. त्या वेबसाइटवर आमच्या शहराला बरे गुण आहेत. मी ते काय करू?

सिलतऱ्याला हो म्हणून ती पुन्हा चालायला लागेल, की कायमची बसेल, एवढंच मला कळत नाही आणि तेवढंच कळायला हवं आहे.

समोरच्या बाईंचं नाव मला माहीत नाही. टोमणा लागला.

ऋता

---

रायपूर
१९ डिसेंबर २०२४

प्रिय ऋता,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. गंधालीसाठी, आणि थोडं माझ्या पैकीच्या पैकी गुणांसाठी.

शेवटची कधी चालले? आठवून पाहिलं. यज्ञेश्वर गेल्यापासून नाहीच. सहा वर्षं दिवेलागणीनंतर मी फाटकाबाहेर पडलेले नाही, आणि हे मला तू विचारेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं. आपल्याकडे बाईची संध्याकाळ म्हणजे काय असते? हळदीकुंकू, डोहाळजेवण, कुणाच्या सुनेची ओटी. वीस वर्षं या गल्लीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू मीच करत होते. मग ती आमंत्रणं थांबली आणि त्यांच्याबरोबर माझी संध्याकाळ थांबली. दार कुणी लावलं नाही. मीच आत राहिले.

मंगळवारी ई-रिक्षानं चौकात गेले, उतरले आणि पायी परत निघाले. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

चौकात झगझगाट. चाट, गुपचुपची गाडी (तुमच्या पुण्याची पाणीपुरी), पानठेल्यावर पोरांचा घोळका. मी जवळ आले तशी पोरं गप्प झाली. काही बोलली नाहीत, पण गप्प झाली. मग गल्ली. खांबांवर दिवे आहेत, पण कडुलिंब इतका वाढलाय की उजेड वरच पानांत राहतो. खाली फक्त घरांचा उजेड. एक दार उजळ, मग दोन काळी, मग एक उजळ. काळ्या दारांसमोरून जाताना मी पदर घट्ट धरला होता. मागून एक मोटरसायकल आली, हॉर्न न देता. मी भिंतीला चिकटले. ती निघून गेली. काही झालं नाही, ऋता. पण ती दिसेनाशी होईपर्यंत मी भिंत सोडली नाही. पस्तीस वर्षं मी या गल्लीत राहते.

तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "कोन हाय वं थे?"

कलावती मेश्राम. रेल्वेत क्लार्क होत्या, आता निवृत्त. त्यांचं घर म्हणजे त्या काळ्या दारांतलंच एक.

"मी मीरा."

"मीराबाई? तुम्ही? ह्या वक्ताला? काहून, कोनी मेलं का?"

मला हसू आलं, आणि हसताना कळलं की आपण घाबरलो होतो. मी विचारलं, "तुम्ही अंधारात का बसता? दिवा नाही?"

"होल्डर आहे, बल्ब नाही. कोनासाठी लावू? नवरा गेला, पोट्टा भिलाईले. तुमचं हळदीकुंकू तर माह्या दारावरून जाते, थांबत नाही."

खरंच होतं. वीस वर्षं ते मीच नेलं होतं त्या दारावरून.

"मले कुंकू नको, बाई. मी बुद्धाची लेक. पन जाता-येता मान तर वळवा! मी का भूत हाय?"

त्या माझ्यासोबत रस्त्यावर आल्या. दोघी उभ्या राहून गल्लीकडे पाहत होतो. उजळ दारं कुणाची? कुमुदताई, देवस्कर, पाठक. जिथे हळदीकुंकू जातं, जिथे सुना-लेकी संध्याकाळी ये-जा करतात, तिथे दारावर दिवा. आणि काळी? कलावतींचं. पायल आणि तिच्यासारख्या भाडेकरूंची ती चाळवजा रांग. ही पायल छत्तीसगढी पोर, बीरगांवला पॅकिंगच्या कामाला जाते, मी तिला कधी नावानंही हाक मारली नव्हती. आणि गल्लीच्या शेवटी एक दार, सगळ्यांत काळं.

कलावती म्हणाल्या, "थे तं तुमचंच हाय."

माझंच होतं, ऋता. मी संध्याकाळी साडेसातला दिवे मालवून आत बसते. गंधालीला त्याच दाराशी यायचं आहे.

तेव्हा ऐक. पंच म्हणून सांगते. आज विचारशील तर नाही, ही गल्ली सुरक्षित नाही. इथे चोर नसतील कदाचित. पण पोर ओरडली तर कोणतं दार उघडेल, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पण मला रथसप्तमीपर्यंतचा वेळ दे. संक्रांतीचं हळदीकुंकू तोवर चालतं, आणि माझ्या डोक्यात काहीतरी आहे.

तुझी,
मीरा

---

पुणे
२८ डिसेंबर २०२४

प्रिय मीरा,

तुझं पत्र मी गंधालीला वाचून दाखवलं. ती उठली. मग आत गेली आणि माळ्यावरची सुटकेस काढली. म्हणाली, "सगळं छान आहे म्हणणाऱ्या मावशीकडे मी गेले नसते. ही मावशी चालेल."

ती सत्तावीस वर्षांची आहे, मी अडवू शकत नाही. संक्रांतीच्या आधी ती तुझ्याकडे पोचेल. पण आमच्यात एक ठरलं आहे, तिनंच कबूल केलं आहे. रथसप्तमीपर्यंत ती चौकातून घरी पायी येऊ शकली नाही, तर नोकरी सोडून परत येईल. रिक्षात बसून आयुष्य काढायला इतक्या लांब जायची गरज नाही, असं तीच म्हणाली.

तुझ्या डोक्यात काय आहे ते विचारत नाही. सातवीतही तुझ्या डोक्यात काहीतरी आहे म्हटलं की मला शिक्षा व्हायची.

ऋता

---

रायपूर
२७ जानेवारी २०२५

प्रिय ऋता,

काल रविवारी मी वाण दिलं. सहा वर्षांनी. काय दिलं ते विचार! आरसा नाही, कुंकवाचा करंडा नाही, स्टीलची वाटी नाही. बल्ब. एकेकीला एकेक एलईडी बल्ब, सोबत तिळगूळ.

पण आधीपासून सांगते. गंधाली मजेत आहे. जेवते, हसते, लोखंडाच्या गोष्टी सांगते, पिवळे पडदे आवडले. पण संध्याकाळी चौकात बस थांबली की तिथून फाटकापर्यंत भैय्यालालची रिक्षा. भैय्यालाल सज्जन आहे, पाच मिनिटांच्या रस्त्याला तो तिला राणीसारखी आणतो. मी काही बोलत नाही.

बल्ब आणायला ती माझ्यासोबत आली होती. शंकरचं विजेचं दुकान. एवढे बल्ब ऐकून तो म्हणाला, "आंटी, घर में शादी है क्या?" मी म्हटलं, "हव, पूरे पारा की." सगळ्या आळीची! तो हसून म्हणाला, "फिर तो दूल्हा भी पूरे पारा का होगा." गंधाली इतकी हसली की बल्बचा खोका माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन उभी राहिली.

आमंत्रणाला मी कुमुदताईंकडे गेले. मी सोडल्यापासून हळदीकुंकू त्याच करतात. त्यांनी चष्मा काढला. "मीराताई, राग मानू नका. संक्रांतीचं वाण सवाष्णींनी सवाष्णींना द्यायचं असतं."

मी म्हटलं, "मग अंधारही सवाष्णींना तेवढा सोडतो का, कुमुदताई?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी चहा न पिता उठले. रात्रभर वाटत राहिलं, जास्त बोलले. यज्ञेश्वर असते तर म्हणाले असते, "मीरे, जास्त नाही, उशिरा बोललीस."

मग घरोघर गेले. प्रत्येक दारी. मराठी, छत्तीसगढी, ओडिया, जी असेल ती. पायल म्हणाली, "आंटी, हमको? हमको तो लगा ये मराठी लोगों का कुछ प्राइवेट है." मी म्हटलं, "था. अब नहीं है."

काल संध्याकाळी माझ्या अंगणात सगळ्या जमल्या. ज्या कुंकू लावतात त्यांना पाठककाकूंच्या सुनेनं हळदीकुंकू लावलं. जिला नको, तिला नाही. कलावती आल्या तेव्हा सून कोयरी घेऊन घुटमळली. कलावती म्हणाल्या, "थे ठेव बाजूले, पोरी. मले बल्ब दे." सगळं अंगण हसलं.

वाणाच्या दोन अटी मी सांगितल्या. बल्ब घराच्या आत नाही, दाराबाहेर लावायचा. आणि अंधार पडल्यावर जो कुणी दारासमोरून जाईल, त्याला हाक मारायची. ओळखीचा असो, नसो. "कोण? कुठे निघालात? उशीर का?" काहीही, पण हाक मारायची. देवस्करांची सून म्हणाली, "काकू, लोक वैतागतील." मी म्हटलं, "वैतागू देत. आम्ही लहानपणी रोज वैतागायचो."

पायल काळजीत होती, मकान मालिक मीटरवरून बोलेल म्हणून. कलावती म्हणाल्या, "त्याले माह्याकडे पाठव. मी रेल्वेत तीस साल लोकायचं ऐकून घेतलं, आता ऐकवते."

आणि मग त्यांनी माझ्याच टोपलीतला बल्ब उचलून माझ्या हातावर ठेवला. वर तिळगुळाचा खडा. "पह्यला हिच्या दारात लावा. हेच तं सगळ्यांत काळं."

ऋता, सहा वर्षांनी कुणीतरी माझ्या हातावर वाण ठेवलं होतं. मी बल्ब गंधालीच्या हातात दिला. ती स्टुलावर चढली आणि तिनं तो लावला.

सगळ्या उठायला लागल्या तेव्हा फाटक वाजलं. कुमुदताई. जरीचं पातळ, नाकात नथ, तयार होऊन आलेल्या. त्यांनी टोपलीतला बल्ब उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "नऊ वॉटचा? माझ्या दारासमोर वळण आहे. मला बाराचा द्या."

मी तुला सांगते, मी तो अंगणात उभी राहून ओरडून मागवला!

सगळ्यांनी घरी जाऊन बल्ब लावले, आणि दिवेलागणीला गल्ली पाहायला आम्ही सगळ्या बाहेर आलो. एकही दार काळं नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या माहीत नाही, पण वाजल्या.

पण तुला खरं सांगायचं ठरलंय, म्हणून हेही. आज सोमवारी गंधाली पुन्हा रिक्षातूनच आली. दिवे लागलेले होते, सगळ्या दारांत होत्या. ती रिक्षातून उतरली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. रथसप्तमी पुढच्या मंगळवारी आहे.

तुझी,
मीरा

---

रायपूर
५ फेब्रुवारी २०२५

आई,

मी तुला कधी पत्र लिहीत नाही, पण मावशी म्हणाली, आईला हे कानानं नाही, डोळ्यानं कळू दे. तिनं मला स्वतःचं पेन दिलंय. म्हणजे प्रसंग गंभीर आहे.

मावशीनं दिव्यांचं लिहिलंच असेल. खरं सांगू? दिव्यांनी मला काही वाटलं नाही. त्या दिवशीही दिवे होतेच ना आपल्याकडे. म्हणून मी रिक्षातून येत राहिले. पण झालं असं की हाक मारायची अट या बायकांनी फारच मनावर घेतली. रिक्षा गल्लीत शिरली की पहिल्या दारातून, "किसको लाए हो भैया?" दुसऱ्या दारातून, "कौन है अंदर?" तिसऱ्या दारातून कलावतीआजी, "थांबव! पाहू दे कोन हाय!" रोज! भैय्यालाल प्रत्येक दारी ब्रेक मारून माझा परिचय द्यायचा. सोमवारी चौकात मी बसणार तेवढ्यात त्यानं हात जोडले. "दीदी, बुरा मत मानना. आप पैदल चले जाओ. मेरे से इतने सवाल आज तक पुलिस ने नहीं पूछे."

आणि तो गेला, आई. खरंच गेला!

मी चौकात उभी. दुसरी रिक्षा बोलावता आली असती. मी अर्धा मिनिट फोन हातात धरून उभी होते. मग वाटलं, पहिल्या दारापर्यंत तर जाऊ. तिथे पाठककाकू होत्या. "अगं, आज चालत? जेवलीस का?" मग दुसऱ्या दारापर्यंत. मग तिसऱ्या. कलावतीआजीनं शेंगदाणे हातात कोंबले. घरी पोचायला अर्धा तास लागला. पाच मिनिटांचा रस्ता! मी मावशीला म्हटलं, "या गल्लीत माणसाला चालताच येत नाही." तर ती पायरीवर बसून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. का, ते सांगेना. म्हणे, आईला विचार.

पण ती सोमवारची गोष्ट. तुला लिहायची गोष्ट कालची आहे, रथसप्तमीची.

काल मी ठरवून चालत निघाले. वळणाजवळ मागून मोटरसायकल आली, स्लो झाली. दोघं होते. आई, सगळं परत तसंच झालं. मला ओरडताही आलं नाही. पण मला ओरडावं लागलंच नाही. तिकडून कुमुदताई, "ए! कोण रे तो?" इकडून पायल, "ओ भैया! गाड़ी रोको! कहाँ जाना है?" वरून देवस्करांची सून. कलावतीआजी तर काठी घेऊन रस्त्यावर. दारं अशी उघडली, फटाफट, एकामागून एक. मोटरसायकलवरचे दोघं इतके घाबरले की गाडी बंद पडली. त्यांना कुठल्या तरी गुप्तांचं घर हवं होतं. त्यांना तीन जणींनी तीन वेगळे पत्ते सांगितले. एकानं मला विचारलं, "दीदी, ये कौन सी कॉलोनी है?" मी म्हटलं, "हमारी."

मी परत येत नाहीये, आई. सुटकेस माळ्यावर टाकली.

गंधाली

ता. क. मी काल रात्री कढी करून घातली मावशीला. बिघडली. तिनं पूर्ण खाल्ली.

---

रायपूर
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋता,

गंधालीचं पत्र तुला मिळालंच असेल. तू काय केलंस ते वाचून? मी ते पोस्टात टाकायला स्वतः गेले आणि येताना मुद्दाम अंधार पडेपर्यंत चौकात थांबले. गुपचुप खाल्ले. पानठेल्यावरच्या पोरांना मीच विचारलं, "काय रे, घरी कधी जाता?" एक म्हणाला, "जाते हैं आंटी, पाँच मिनट." अगदी शिशिर म्हणायचा तसं.

ती वेबसाइट मी पुन्हा उघडली. पैकीच्या पैकी गुण मला काढून घ्यायचे होते. आता काय भरू, हे बराच वेळ कळेना. रायपूर केवढं! मला सिलतऱ्याचं माहीत नाही, बीरगांवचं माहीत नाही, पलीकडच्या गल्लीचंही नाही. वेबसाइटवर चौकापासून आमच्या फाटकापर्यंतसाठी रकाना नाही. असता तर मी छातीवर हात ठेवून भरला असता. म्हणून काहीच न भरता बंद केली. पण पायलच्या बीरगांवच्या मैत्रिणी परवा येऊन विचारून गेल्या, पुढच्या संक्रांतीला आमच्याकडेही याल का म्हणून. कलावती म्हणाल्या, "संक्रांतीची काहून वाट पाहायची? अंधार रोज पडते." आम्ही रविवारी जातोय. कुमुदताई बारा वॉटचे घेऊन येणार आहेत.

आणि कान नाहीत म्हणून त्या खिडकीचं ओझं बाळगू नकोस आता. ऐकू न येणाऱ्या बाईलाही दारात बसता येतं. तुला फक्त दिसायला हवं.

शिशिर पंधरा तारखेला कामानं पुण्याला येतोय. त्याच्यासोबत एक खोका पाठवते. त्यात काय कुणाचं ते नीट वाच, नाहीतर तू सगळं एकटी ठेवून घेशील.

चारोळीची पिशवी तुझी. बस्तरची आहे, खिरीत घाल.

कोशाच्या रेशमाची ओढणीही तुझी, गंधालीच्या पहिल्या पगारातली. तिनं दोन घेतल्या. दुसरी ती रोज घालून चालत येते.

तिळगुळाचा मोठा डबा तुझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना. स्वतः नेऊन दे, आणि आधी नाव विचार.

बल्ब चार आहेत. एक तुझ्या दाराबाहेर. एक समोरच्या बाईंच्या. एक तुमच्या वॉचमनच्या बायकोला, ती जिथे राहते तिथे लावायला.

चौथ्यावर मी नाव घातलेलं नाही. अंधार पडला की खाली उतर, फाटकाशी उभी राहा आणि बिल्डिंगकडे बघ. जे दार काळं दिसेल, त्याला दे.

तुझी,
मीरा